शुक्रवारचं पडवळ

शरदचंद्र राऊत निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाईंनी हातात बाजाराची पिशवी दिली. घड्याळ खोक्यातच राहिलं. पिशवी मात्र रोज बाहेर निघू लागली, आणि रोज त्यातून काहीतरी चुकीचं घरी येऊ लागलं. कोथिंबीर सांगितली तर मेथी, नाहीतर मग इतकी कोवळी वांगी की शांताबाई त्यांच्याकडे नुसत्या बघतच राहायच्या.

बरं, बाजारातून आल्यावर गप्प बसावं, तर तेही नाही. आयुष्यभर हेडक्लार्क म्हणून काढलेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या आठवड्यात हिंग इतका लवकर का संपतो याची चौकशी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात शांताबाईंनी सुनेला, म्हणजे सीमाला, विचारलं की ह्यांना ऑफिसवाले परत घेतील का.

सुदैवाने तोवर जून उजाडला आणि सीमाने आपल्या मुलाचं, उमंगचं, नाव आशालताबाईंच्या बालवाडीत घातलं. बालवाडी तशी जवळच होती. त्यांच्याच गावात, उमेळ्यात, जिथे पूर्वी केळीची वाडी होती तिथे आता चार मजली इमारत उभी राहिली होती, आणि तिच्या तळमजल्यावरचे दोन गाळे जोडून बाईंनी शाळा थाटली होती. सकाळी शटर वर गेलं की शाळा भरली. पहिल्या दिवशी उमंगने आजोबांची पँट दोन्ही हातांनी धरून असा गळा काढला की तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी गॅलरीतून डोकावलं. बाई म्हणाल्या, पोर रुळेपर्यंत आजोबांनी बसावं इथेच. सगळ्यांनाच ते पटलं, आणि सर्वांत जास्त शांताबाईंना.

उमंग तीन दिवस रडला. चौथ्या दिवशी त्याला मातीचा गोळा मिळाला, आणि त्यानंतर आजोबा म्हणून कोणी आपल्याबरोबर आलं आहे हेच तो विसरला. खरं म्हणजे शरदचंद्रांनी त्या दिवशी उठून घरी यायचं. पण ते उठले नाहीत. घरी मात्र त्यांनी चेहरा लांब करून सांगितलं की पोरगं फार हळवं आहे, मी जरा हललो की हंबरडा फोडतं. ज्या माणसाने नोकरीत कधी खोटी सिक लीव्ह टाकली नाही, त्याने हे इतक्या सहज सांगितलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कारण काय, तर त्यांना तिथे आवडायला लागलं होतं. बाईंनी त्यांना एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल दिलं होतं. मोठ्या माणसासाठी ते फारच बुटकं होतं आणि त्यावर बसलं की गुडघे हनुवटीशी यायचे, पण ते त्यांचं होतं. सकाळी प्रार्थना, शनिवारी नखांची तपासणी, मग हातवारे करत गाणी. मग कोणी या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतायचं, कोणी मणी ओवायचे, कोणी परातीत एकत्र केलेले वाल, चिंचोके आणि वाटाणे वेगळे करायचे. निवडायच्या कामात शरदचंद्रांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळी हयात कागद निवडण्यात गेली होती. एकदा तर त्यांनी विघ्नेश नावाच्या पोराची परातही ओढून घेतली, तेव्हा अनुष्काने त्यांना अडवलं.

अनुष्का म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची, साडेचार वर्षांची. बाई शाळा चालवत होत्या हे खरं, पण शाळेवर लक्ष अनुष्काचं असे. दुसऱ्याचं काम करायचं नाही, असं तिने शरदचंद्रांना बजावलं, आणि शरदचंद्रांनी मुकाट्याने परात परत केली. ऑफिसात साहेबाचंही त्यांनी इतकं ऐकलं नव्हतं.

जुलैमध्ये चिकटकाम झालं. रंगीत कागदाचे कपटे फाडून सगळ्यांनी मासे केले. बाईंनी ते भिंतीवर लावले आणि प्रत्येकाखाली नाव लिहिलं. विघ्नेश, अनुष्का, उमंग आणि एका निळ्या माशाखाली 'शरद'. त्या दिवसापासून शाळेत शिरताना ते आधी आपल्या माशाकडे बघून घेत. घरी घड्याळ अजून खोक्यातच होतं.

आता जेवणाचं. फ्लॅटमधली मुलं डब्यात नूडल्स आणायची, गावातली भाकरी आणायची, आणि मग सगळ्यांना दुसऱ्याचं हवं असायचं. बाईंनी एक दिवस डबेच बंद केले. आतल्या छोट्या ओट्यावर बाईंची मदतनीस रेजिना सगळ्यांसाठी एकच जेवण रांधू लागली. नियम तीनच. सगळ्यांनी तेच खायचं. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय, म्हणजे अगदी बाई आणि रेजिनाही पंगतीला बसल्याशिवाय, कोणी घास घ्यायचा नाही. आणि संपल्यावर ताटली वर करून दाखवायची.

जुलैच्या शेवटी एकदा ताटलीत पडवळाची भाजी आली. शरदचंद्र पडवळ खात नसत. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते एकदा म्हणाले होते की मला पडवळ चालत नाही. का म्हणाले हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. पण म्हटलं ते म्हटलं. पुढे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही. घरी पडवळ झालं की शांताबाई त्यांच्यापुरती बटाट्याची भाजी वेगळी करत. पस्तीस वर्षं हे असंच चालू होतं.

इथे बटाटा नव्हता. एका बाजूला विघ्नेश टक लावून बघत होता, आजोबांनी टाकलं तर आपणही टाकू असा हिशेब करून. दुसऱ्या बाजूला अनुष्का होती. शरदचंद्रांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. वाईट गोष्ट अशी झाली की तो त्यांना आवडला. हरभऱ्याची डाळ, वर ओलं खोबरं, जरासा गूळ. त्यांनी ताटली दाखवली, मग थोडं घुटमळून पुढे केली आणि अजून मागितलं. घरी त्याच आठवड्यात पडवळ झालं तेव्हा मात्र त्यांनी नाक मुरडून बटाटाच खाल्ला. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

ऑगस्टमध्ये राऊतांची पाळी आली. दर शुक्रवारी कोणातरी एकाच्या घरची आई नाहीतर आजी एक भाजी करून आणायची आणि मुलांना आपल्या हाताने वाढायची, अशी बाईंची पद्धत होती. शांताबाई एकदम खूश झाल्या. परसातल्या मांडवावर पडवळं लोंबत होती, टोकाला दगड बांधून त्यांनी ती हातभर लांब आणि सरळसोट वाढवली होती. शाळेला हेच न्यायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

तुझे गुडघे दुखतात, शरदचंद्र म्हणाले, मीच नेतो डबा. गुडघे बरे आहेत, असं उत्तर आलं. मुलांना पडवळ कुठे आवडतं, असं म्हणून पाहिलं. मुलं तुमच्यासारखी नसतात, असं उत्तर आलं. शिवाय शांताबाईंना आणखी एक काम होतं. पोर दोन महिने झाले तरी रुळत नाही म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं आणि बाईंशी बोलायचं होतं.

म्हणजे सगळंच आलं. उमंग रडत नाही हे एकदा कळलं की शरदचंद्रांचं शाळेत काय काम? पुन्हा पिशवी, पुन्हा ओसरीवरची खुर्ची, पुन्हा सगळ्यांच्या पायात पायात. ते लाल स्टूल उचलून बाई कोपऱ्यात ठेवतील. निळा मासा भिंतीवर राहील, पण तो बघायला कोणत्या निमित्ताने जायचं? त्यांना ते स्टूल सोडायचं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी टेबल सोडताना सुद्धा त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ते उमंगला चिकूच्या झाडाखाली घेऊन गेले. उद्या आजी शाळेत आली की थोडं रडायचं, मग चिक्की मिळेल. उमंगने शांतपणे ऐकून घेतलं. किती रडू, असं त्याने विचारलं. थोडंसंच, आजोबा म्हणाले. उमंगने मान डोलावली, आणि चिक्की शेंगदाण्याची की तिळाची तेही पक्कं करून घेतलं.

शुक्रवारी शांताबाई इस्त्रीची साडी नेसून, मोठा स्टीलचा डबा घेऊन शाळेत हजर झाल्या. उमंग पाणी ओतत होता. त्याने वर बघितलं, आजीला एक हसू दिलं आणि पुन्हा भांड्यात लक्ष घातलं. शरदचंद्र खाकरले. उमंगने ढुंकून पाहिलं नाही. ते पुन्हा खाकरले, तेव्हा अनुष्काने त्यांना पाणी आणून दिलं.

शांताबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. हळवं पोर गुणगुणत होतं. त्याला क्षणभरही सोडून हलता न येणारे आजोबा पलीकडे बुटक्या स्टुलावर बसून, जीभ दाताखाली धरून, मणी ओवत होते. एक लाल, दोन पिवळे.

मग बसायच्या पट्ट्या अंथरल्या गेल्या, सगळे पंगतीला बसले आणि शांताबाई वाढू लागल्या. नवऱ्यापाशी आल्यावर त्यांचा हात सवयीनेच ती ताटली टाळून पुढे गेला. ह्यांना नको, ह्यांना चालत नाही, असं बाईंना सांगत त्या विघ्नेशकडे वळल्या.

"आजी, आजोबांचं राहिलं," अनुष्का म्हणाली. "त्यांना पडवळ दोनदा लागतं."

शांताबाईंनी डाव तसाच हातात धरून मागे बघितलं. शरदचंद्र ताटलीच्या तळाकडे बघत होते. मग त्या एक पाऊल मागे आल्या आणि त्यांच्या ताटलीत डावभर पडवळ वाढलं, आणि त्यावर आणखी एक डाव.

आणि नेमकं तेव्हाच उमंगला चिक्की आठवली. त्याने हात मांडीवर ठेवले, तोंड उघडलं आणि असा काही टाहो फोडला की रेजिना आतून धावत आली. बाईंनी त्याला जवळ घेऊन काय झालं म्हणून विचारलं. उमंगने रडणं जागच्या जागी थांबवलं.

"काही नाही. आजोबांनी सांगितलंय रडायला," तो म्हणाला, आणि आजोबांकडे वळला. "एवढं बास?"

बाई तोंडाला पदर लावून भिंतीवरच्या माशांकडे बघू लागल्या. शरदचंद्रांना वाटलं, आता शटर खाली ओढलं गेलं आणि आपण आतच राहिलो तर बरं होईल. शांताबाई मात्र उरलेल्यांना वाढत पुढे गेल्या. शेवटच्या मुलाला वाढून झाल्यावर त्या डबा बंद करायला लागल्या. तुम्ही बसा, मी मागाहून घरी जेवेन, असं त्या बाईंना म्हणाल्या. आयुष्यभर त्या हेच म्हणत आल्या होत्या.

पण कोणी हात पुढे करेना. अनुष्काने त्यांना समजावून सांगितलं की सगळे बसल्याशिवाय सुरुवात करता येत नाही, आणि विघ्नेशला फार भूक लागली आहे. जागा एकच रिकामी होती. शांताबाई साडी सावरून नवऱ्याच्या शेजारी पट्टीवर टेकल्या. रेजिनाने त्यांच्यापुढे ताटली ठेवली. श्लोक झाला. शरदचंद्रांनी पडवळाचा पहिला घास घेतला तेव्हा त्यांना शेजारून कोणीतरी बघत असल्याचं कानशिलापर्यंत जाणवत होतं. त्यांनी सगळं संपवलं. ताटली वर करून दाखवली.

"पस्तीस वर्षं बटाटे सोलतेय मी," शांताबाई हळूच म्हणाल्या, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेताने.

शरदचंद्रांना मनापासून लाज वाटली.

घरी येताना शांताबाई रिकामा डबा घेऊन पुढे चालत होत्या, मागे शरदचंद्र, मधे चिक्की खाणारा उमंग. पिशवी खुंटीला होती. उद्या सकाळी ती आपल्या हातात येणार, हे शरदचंद्रांनी मनाशी मान्य करून टाकलं होतं.

संध्याकाळी सीमा कामावरून आली आणि नवऱ्याला आणि उमंगला घेऊन वसईला एका बारशाला गेली. घरात दोघंच उरली. आठ वाजता शांताबाईंनी शरदचंद्रांचं पान वाढलं. भात, आमटी, पोळी आणि सकाळी घरी काढून ठेवलेलं पडवळ. बटाटा नव्हता. वाढून झाल्यावर त्या नेहमीसारख्या दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या, काय हवं-नको बघायला.

शरदचंद्र हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"आता काय?" शांताबाई म्हणाल्या. "आता तर चालतं ना पडवळ?"

"चालतं."

"मग?"

"सगळ्यांना वाढल्याशिवाय सुरुवात करायची नाही."

थट्टा चालली आहे की काय, म्हणून शांताबाईंनी त्यांचा चेहरा निरखून बघितला. थट्टा नव्हती. शरदचंद्र गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मांडणीपाशी गेले. घरातल्या सगळ्या डब्यांवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या, पण बायकोचं ताट कुठलं हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी हाताला लागली ती उमंगची बदकाचं चित्र असलेली ताटली घेऊन ते आले, ती आपल्या पानाशेजारी मांडली आणि तिच्यात स्वतःच्या हाताने भात वाढला. निम्मा बाहेर सांडला. शांताबाई येऊन बसल्या.

जेवताना शरदचंद्र म्हणाले की भाजी चांगली झाली आहे, आणि थोड्या वेळाने असंही म्हणाले की ती पहिल्यापासूनच चांगली होत असणार. शांताबाईंनी पातेलं जवळ ओढून उरलेलं पडवळ दोघांच्यात सारखं वाटलं. जेवण झाल्यावर शरदचंद्रांनी ताट उचलून दाखवलं, तेव्हा शांताबाईंची नजर ताटावरून त्यांच्या बोटांवर गेली.

"नखं किती वाढलीत," त्या म्हणाल्या. "कापा आत्ताच. उद्या शनिवार, शाळेत बाई बघतील."