गाडीपाशी कोण आहे

"तसं नाही हो सिस्टर, पण आम्ही बाहेरचे पेशंट घेतच नाही," फोनवरची बाई म्हणाली. आवाज दमलेला होता, उर्मट नव्हता. "आमच्याच माणसांना मशिनं पुरत नाहीत. तुमच्या भावासाठी मी कुणाला उठवू, तुम्हीच सांगा."

ती बाई रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून, कुणाच्या तरी नळीवर नजर ठेवून बोलत असणार, हे छोटीला इथूनही दिसत होतं. कारण शाळांना सुट्ट्या लागून बाहेरगावचे पेशंट मशीन मागू लागले की हेच वाक्य, याच सुरात, याच फोनवरून ती स्वतः बोलायची. भांडायला समोर शत्रू तरी हवा. इथे आरशाशीच गाठ होती.

"बरं, ठेवते. देव तुमचं भलं करो," ती म्हणाली.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीखात्याला लागून डायलिसिसची खोली. इथले सगळे तिला सिस्टर म्हणत. छोटी म्हणणारा एकच, तो खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. पन्नाशी ओलांडून केस पांढरे झाले तरी दादाच्या लेखी ती छोटीच. त्याच्या हातातून निघालेलं रक्त यंत्रात जाई, धुऊन निघे आणि माघारी येई. हे दिवसाआड, जन्मभर.

"काय म्हणतं दीपगृहाचं गाव?" त्याने विचारलं.

"बघते म्हणालेत."

"म्हणजे नाही म्हणालेत."

छोटीने उगाचच त्याचं पांघरूण सारखं केलं.

दादाने उभी हयात टुरिस्ट गाडी चालवली. लोकांची बायकापोरं, म्हातारीकोतारी, उलट्या करणारी, गाणी म्हणणारी, अशी सगळी त्याने तळ्यावर नेली, घाटातून डोंगरावर नेली, तिथून खाली समुद्राकाठच्या दीपगृहापर्यंत नेली आणि नीट घरी आणून सोडली. पॉइंट आला की माणसं पायऱ्या चढून वर जात आणि हा गाडीपाशी थांबे. आत सामान असायचं, आणि गाडी सोडून जायचं नाही ही मालकाची सक्त ताकीद.

"वरून काय दिसतं रे, दादा?" तिने एकदा विचारलं होतं.

"मला काय ठाऊक? खालून परत येणाऱ्यांची तोंडं दिसतात. चांगलंच दिसत असणार काहीतरी."

मूत्रपिंडं गेली, गाडी सुटली, आणि मग त्याने हट्ट धरला. आयुष्यात पहिलाच. घरच्या सगळ्यांनी तळ्यापर्यंत आगगाडीने जायचं. "एकदा तरी दुसऱ्याने चालवावं आणि मी खिडकीपाशी बसून झोप काढावी." तिथून पुढे भाड्याची गाडी घ्यायची. घाटात थोरलीने, त्याच्या लेकीने, चालवावी, शेवटचा समुद्रकाठचा सपाट रस्ता मात्र त्याने. आणि दीपगृहाशी पोचलं की गाडीला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून, सगळ्यांबरोबर वर जायचं. बस, एवढंच.

त्या संध्याकाळी दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार पेले. थोरली पेन घेऊन बसली होती.

"आत्या, डोंगरावर दोन मुक्काम करू ना. तळ्यावर काय आहे? एक बाक आणि बदकं."

"तळ्याच्या गावात मशीन आहे," छोटी म्हणाली. "डोंगरावर नाही."

"म्हणजे ही सहल नाहीच. दवाखानादर्शन आहे!"

"गप गं," दादा हसत म्हणाला. "लोक पेट्रोलपंप बघून रस्ता ठरवतात, आपण मशीन बघून ठरवू. गाडी जुनी झाली की पंप जवळजवळ लागतात."

वहिनी नकाशाकडे बघतसुद्धा नव्हती. ती भांडी पुसत होती आणि प्रत्येक भांडं जरा जोरात ठेवत होती. "मी म्हणते, हवंय कशाला हे? खिडकी उघडली की झाली सहल."

"तू गाडीत बसल्याबसल्या घोरतेस म्हणून तुला नकोय."

"घोरते ती मी, आणि सगळी आळी जागी होते ती तुमच्याने!"

थोरली खुदकन हसली. छोटीने तेवढ्यात सांगून टाकलं, हसण्याच्या आडोशाला. "समुद्राकडच्यांनी नाही म्हटलंय. तळ्यानंतर थेट घरी आल्यावरच मशीन मिळेल. मधली एक पाळी बुडते. तेव्हा तळ्यावरून माघारी फिरू या. तळंही छानच आहे."

"तळं मी पाहिलंय," दादा हळूच म्हणाला. "गाडी धुवायला पाणी तिथूनच आणायचो."

मग जरा वेळाने, पेल्याशी खेळत, "एक पाळी बुडाली तर काय होतं गं?"

"दादा, चेष्टेतसुद्धा नको."

"बरं बाई. विचारलं फक्त."

छोटीने आणखी फोन केले. एकीकडे कुणी उचललं नाही, एकीकडे वरच्या साहेबांना विचारून सांगतो म्हणाले आणि सांगितलं नाही. रोज सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी ती देवापुढे हात जोडून बसे. तेव्हाही मनात मशीनच येई. मग तिलाच ओशाळल्यासारखं होई. कुणीतरी खाटेवरून उठल्याखेरीज तिथे खाट रिकामी होत नाही, आणि खाटेवरून माणसं कशी उठतात हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? मग ती मागत होती ते काय होतं? ती मागणं अर्धवट सोडून उठे.

आठवड्याच्या सुट्टीला तिचं मौन असे. दिवस मावळेपर्यंत बोलायचं नाही, फोन कपाटात. कित्येक वर्षांचं व्रत ते. घरच्यांना पाठ होतं. त्या दिवशी छोटीला कुणी हाक मारत नसे.

दादाने नेमका तोच दिवस धरला.

त्या दिवशी त्याची पाळी होती. "छोटीने माझं पुढे ढकललंय," त्याने वहिनीला सांगितलं. वहिनीच्या मनात आलं, विचारावं का? पण मौनाचा दिवस, कसं विचारायचं! आणि नणंद याच कामातली, तिने ढकललं असेल तर विचार करूनच. युनिटमध्ये दादाने निरोप धाडला, सिस्टरने आज घरीच थांबायला सांगितलंय. सिस्टरचा भाऊ म्हटल्यावर तिथेही कुणाला शंका आली नाही. अंधार पडल्यावर छोटीने फोन कपाटातून काढला. कुणाचाही फोन येऊन गेलेला नव्हता. सगळं ठीक आहे म्हणून ती निजली. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी नसायची, म्हणून खिडकीजवळची खाट रिकामी दिसली तरी तिला काही वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी सकाळी त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. आडवं होता येत नव्हतं. पाय सुजलेले, ओठ काळसर, श्वास उथळ. छोटीचे हात आपसूक चालले. ऑक्सिजन, सुई, नळ्या. तोंडातून शब्द फुटला तो सगळं जोडून झाल्यावर.

"का रे असं केलंस?"

त्याने मास्क जरा बाजूला केला. "रिझर्व्हवर... किती जाते... बघत होतो." आणि ओशाळं हसला. "नाही जात."

उभ्या जन्मात तिने त्याला रागावलं नव्हतं. आताही जमलं नाही. मास्क पुन्हा नीट बसवला आणि डोळे पुसायला धोबीखात्यात गेली.

डॉक्टरांनी प्रवास बंद करून टाकला. तळंसुद्धा नाही.

वहिनी म्हणाली, तिकिटं परत करा. थोरलीही तेच म्हणाली. पण दादा अडून बसला. "तुम्ही गेला नाहीत तर मी मशीनवर बसणार नाही. पोकळ धमकी समजू नका, मी करतो हे बघितलंय तुम्ही." तिकिटं तशीच राहिली. घाटात थोरलीने एकटीने गाडी चालवायची नाही, म्हणून त्याने स्टँडवरचा जुना सोबती उभा केला. पहिल्याच फेरीला तीन चाकांची हवा घालवून आलेला, म्हणून साऱ्या स्टँडने त्याचं नाव पंक्चर ठेवलेलं. छोटी अर्थातच मागे राहिली.

निघायच्या सकाळी वहिनी पायऱ्यांवरून दोनदा परत आली. एकदा गोळ्या दाखवायला, एकदा काहीच नाही, नुसतीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा खिडकीजवळच्या खाटेवर होता. यंत्र आपल्या तालात घरघरत होतं. छोटीने फोन त्याच्या मोकळ्या हातात दिला. पंक्चर होता.

"पोचलो रे. ही मंडळी वर निघालीत."

"तू?"

"मी काय, गाडीपाशी."

"कुलूप लाव."

"अरे, आत सामान आहे सगळं. वहिनींची पर्स पण..."

"कुलूप लाव म्हणतो ना! किल्ली खिशात टाक आणि वर जा. गाडी काय पाय फुटून पळते? इतकी वर्षं आपण धरून ठेवली होती काय तिला?"

पलीकडे पंक्चर हसला. दार लावल्याचा आवाज आला, फट्. दादाने तो नीट ऐकला.

बऱ्याच वेळाने पुन्हा फोन वाजला. आता थोरली बोलत होती, वाऱ्यात शब्द फाटत होते. "बाबा, ऐकू येतंय? आई रडतेय नुसती. पंक्चरकाका तर बोलायचेच थांबलेत. बाबा, इथून ना... थांबा, मी फोटो पाठवते."

"राहू दे. परत आल्यावर तोंडं बघेन तुमची," दादा म्हणाला. "गाडीपाशी कोण आहे?"

"कोणी नाही, बाबा. सगळे वर आहोत."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"बरं."

त्याने फोन छोटीकडे दिला आणि खिडकीकडे मान वळवली. बाहेर धोबीखात्याच्या चादरी वाळत होत्या. छोटीने आकडे पाहिले, नळी पाहिली. सगळं ठीक होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती स्टूल ओढून त्याच्यापाशी बसली.