चार पेट्या, एक फेरी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि काल सकाळपासून माझे डोके ठिकाणावर नाही.

सुताराने मला विद्यापीठाच्या या खोलीत ठोकले, तेव्हा माझ्यावर खडू कसा सुळकन चालायचा. गेली सहा वर्षे इथे क्वांटम अल्गोरिदमचा नवशिक्यांसाठीचा वर्ग भरतो. सर माझ्यावर थाप मारून म्हणत, "पडद्यावर गणित पळतं, फळ्यावर ते थांबतं." मी फुगून जायचो. मूर्खच होतो.

सर दरवर्षी माझ्यावर चार पेट्या काढत. एकीत खूण, ती शोधायची. क्वांटम संगणकाने शोधाची एक फेरी केली की खरी पेटी हाती लागण्याची शक्यता वाढते. "जितक्या फेऱ्या जास्त, तितकी खात्री जास्त," असे सर सांगत आणि पोरे माना डोलावून उतरवून घेत.

गेल्या वर्षी नोकरी सांभाळून शिकणारी एक मुलगी पुढे आली. तिने माझ्यावर सगळी आकडेमोड मांडली. "सर, चार पेट्यांना एकच फेरी पुरते. दुसरी केली की हातातलं जातं. पुन्हा चारात एक, म्हणजे नुसता अंदाज."

"आधी माझ्या नोट्स नीट वाच," सर म्हणाले आणि त्यांनी डस्टर फिरवला. अर्धी ओळसुद्धा वाचली नाही हो.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. पोरगी हट्टी, तिने 'एक' लिहिले आणि दोन गुणांनी नापास झाली. पुढच्या वर्गाची वाट बंद. ती उत्तरपत्रिका घेऊन आली, तर सर म्हणतात, "शिकवलं ते लिहायचं ना, बाळा."

ती गेल्यावर सरांनी दार लावले आणि खडू उचलला. तीच आकडेमोड केली, पुन्हा केली. उत्तर एकच फेरी. मग डस्टर शोधायलाही न थांबता त्यांनी मला शर्टाच्या बाहीने पुसून टाकले.

मला वाटले, आता तरी तिचे गुण सुधारतील. कसले काय. काल नव्या मुलांना त्यांनी ठणकावून सांगितले, "चार पेट्या, एकच फेरी. इथे भलेभले चुकतात." मुले खूश. तिचा निकाल मात्र तसाच आहे. मला तोंड असते तर भर वर्गात यांची लाज काढली असती.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझी निगाही राखू नका. कोणाचे लिहिलेले पुसण्याआधी ते वाचा, मला तेवढे पुरे. आणि ती मुलगी कुठे भेटलीच तर तिला सांगा, तुझे उत्तर बरोबर होते आणि सरांना ते माहीत आहे.