नवव्या पानाची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुनं बक्षीसपत्र आहे. नाव ऐकून शर्यतीतलं बक्षीस वगैरे डोक्यात आणू नका. एखाद्याने आपलं घर हयातीतच दुसऱ्याला देऊन टाकलं, की त्याचा जो पक्का कागद होतो, तो मी. अकरा पानं, जाड कागद, कोपऱ्यात हिरवा दोरा. कडा पिवळ्या पडल्यात, पण अक्षर न् अक्षर शाबूत आहे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म नोंदणी कार्यालयाबाहेरच्या एका टंकलेखकाच्या टेबलावर झाला. हा बाबा टाइपरायटर इतक्या जोरात बडवायचा, की पूर्णविरामाच्या जागी भोकंच पडायची. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने आपलं तीन खोल्यांचं घर माझ्यातून मुलाच्या नावे केलं. सगळं टाइप झालं, रांगेत नंबर आला आणि कारागिराने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा, पोरीचं राहिलंच की!"

पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता. मग कारकुनाने नवव्या पानाच्या मागे हाताने चार ओळी लिहिल्या. घर कोणाकडेही गेलं, तरी मागची खोली मुलीकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, तिला तिथून कोणी काढणार नाही. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या, शिक्का बसला. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन मुलीला तो एवढंच म्हणाला, "तुझी सोय करून ठेवलीय गं."

पुढची वर्षं माझ्या मानाची होती. नळजोडणी असो, छप्पर दुरुस्तीची परवानगी असो, मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून नेलं जायचं. समोरचा अधिकारी मला पाहून मान डोलवायचा. मग कारागीर गेला, काही वर्षांनी त्याचा मुलगाही गेला. घर नातवाकडे आलं. तो दूरच्या शहरात नोकरी करत होता. त्याने माझी एक झेरॉक्स काढली आणि मला कपाटात पंख्याच्या गॅरंटी कार्डाखाली सारून दिलं. पंख्याच्या! झेरॉक्स मात्र सगळीकडे मिरवू लागली. दिसायला गोरीपान, पण पानांची फक्त पुढची बाजू असलेली.

घर विकायचं ठरलं, तेव्हा कारागिराच्या त्या मुलीने, म्हणजे नातवाच्या आत्याने, भाच्याला भीतभीत विचारलं, "बाबांनी माझ्याबद्दल काही लिहिलंय का रे त्यात?" मागच्या खोलीत ती छत्र्या दुरुस्त करून राहत होती. भाच्याने झेरॉक्स नीट वाचली. तो लबाड नव्हता, मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो. "अकराच्या अकरा पानं पाहिली आत्या, तुझं नावसुद्धा नाही," तो म्हणाला.

त्या बाईने वाद घातला नाही. वडील आपल्याला विसरले, असं तिने मनाशी धरलं आणि छत्र्यांच्या काड्या बांधायला घेतल्या. मला हे नंतर कळलं. कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. तिचं उत्तर माझ्याच अंगावर होतं आणि मी कपाटात गप्प पडून होतो.

घर घेणारं जोडपं साधं होतं. नवरा बेकरीत कामाला, बायको नर्स. दलाल म्हणाला, "आमचेच वकील घ्या, दोन दिवसांत काम फत्ते. घर विकणाऱ्यांचं कामही तेच बघतात, म्हणजे धावपळ नाही."

नर्स म्हणाली, "ते तुमच्याही बाजूने आणि आमच्याही बाजूने, मग भांडण झालं तर कोणाकडून बोलणार?"

दलालाने नाक मुरडलं. जोडपं गेलं हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका वकीलबाईंकडे. त्यांना लोक 'उद्या-या बाई' म्हणत, कारण कुठलंही काम त्या आज संपवत नसत. त्यांनी झेरॉक्स बाजूला सारली आणि मूळ कागद मागवला. अशा रीतीने मी कपाटातून सुटलो. बाईंनी मला दोन्ही हातांनी धरून एकेक पान उलटलं. नवव्या पानाशी थांबून चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. नोंदणी कार्यालयातल्या प्रतीशीही ताडून पाहिलं. मग जोडप्याला म्हणाल्या, "घर चांगलं आहे. पण मागची खोली रिकामी मिळणार नाही."

नवऱ्याचा चेहरा पडला. ती खोली मुलीच्या अभ्यासासाठी त्याने मनात रंगवूनही टाकली होती. भाचा तर घामाघूम झाला. तो म्हणाला, "आत्या हक्क सोडल्याची सही करून देईल." आत्या आलीही, पेन मागितलं. वकीलबाईंनी पेन दिलं नाही.

"मी यांची वकील आहे, आजी. तुमची नाही. आधी तुमचा वेगळा वकील गाठा, मग सहीचं बघू. पण यात काय लिहिलंय, ते ऐकून तर घ्या."

त्यांनी त्या चार ओळी वाचल्या. आत्याने पुन्हा वाचायला लावल्या. मग ती रडली, अगदी मोकळी रडली. "म्हणजे विसरले नव्हते!" दोनदा म्हणाली. भाच्याने खाली वाकून तिचे पाय धरले.

आत्याच्या वकिलानेही तेच सांगितलं आणि आठवड्याने तिने निरोप दिला, सही करणार नाही. आता सौदा मोडणार, असं मला वाटलं. नर्सने दोन दिवस विचार केला. मग नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या दोन खोल्या आपल्याला पुरतील. घर घेऊ, पण त्यांच्यासकट. फक्त या वेळी ते पहिल्याच पानावर लिहायचं."

तसंच लिहिलं गेलं. नवं खरेदीखत नोंदवताना मी शेजारीच टेबलावर होतो. अधिकाऱ्याने आत्याकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

"माझी आत्या," भाचा म्हणाला.

"नातं नको हो. व्यवहारात कोण?"

भाचा उत्तर द्यायला निघाला, तर आत्याने हाताने त्याला थांबवलं. "मागच्या खोलीत राहणारी मी," ती म्हणाली, आणि सही करायला पुढे सरकली.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरं घ्याल. वकील आपला स्वतःचा निवडा, आणि सावकाश काम करणाऱ्यावर चिडू नका. आमच्यासारख्या जुन्या कागदांना कोरड्या जागी ठेवा. आणि घर बघायला जाल, तेव्हा भिंती, नळ, खिडक्या बघून झाल्या, की आत कोण राहतं तेही बघा. त्या माणसाशी दोन शब्द बोला. त्या घरात इतके लोक येऊन गेले, पण आत्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.