ताईंची बढती

युवा केंद्राच्या ताईंना बढती मिळाली आणि सगळा जन्म पोरांच्या गलक्यात काढलेली बाई मुख्य कार्यालयातल्या काचेच्या खोलीत जाऊन बसली. शहरातली सगळी केंद्रं आता त्यांच्या हाताखाली होती, पण "ताई, हा बघा ना!" म्हणत कुणी यायचं नाही. त्यांना करमेना. नवरा म्हणाला, "अगं, माझ्यावर कशाला ओरडतेस? जाऊन ये एकदा तिकडे."

शनिवारी त्या जुन्या केंद्रावर गेल्या. मुलं गोल करून बसली होती आणि मधे चिमणी उभी होती. पूर्वी स्वतःचं नाव सांगतानाही ही मुलगी ताईंच्या पाठीमागे लपायची. आवाज एवढासा, म्हणून ती चिमणी. आता कॉलेजात जाणारी ती चिमणी नाटकातली कामं वाटून देत होती.

राजा कोण होणार यावरून दोन मुलं हमरीतुमरीवर आली, तशा ताई सवयीनं पुढे सरसावल्या. "अरे, असं करा..."

"ताई, बोलायचं असेल तर हात वर करा," चिमणीनं ठणकावलं. "आणि आधी बसा."

ताई मुकाट्यानं जमिनीवर बसल्या. चिमणीनं दोघांना जुळे राजे केलं आणि भांडणारे दोघंही खूश झाले. ताईंना हे काही सुचलं नसतं.

निघताना चिमणी धावत दाराशी आली. "ताई, रागावलात?"

"भयंकर," ताईंनी तिला टपली मारली. "सोमवारी ऑफिसात ये. आपण नवं केंद्र उघडतोय, तिथे एक ताई हवी आहे."