टाचण्यांच्या वाटीतले स्विस घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने स्विस घड्याळ आहे, आणि स्वस्तातले आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण स्विस म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सोने आणि हिरे नाचू लागतात. माझ्याकडे त्यातले काही नाही. पोलादी अंग, पांढरी तबकडी, तीन काटे आणि तारखेची एक खिडकी, एवढाच माझा संसार. मध्यंतरी माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता. आता तो गेला आहे, जिवाला स्वस्थता आहे, म्हणून निवांत सांगायला बसलो आहे.

माझा जन्म डोंगराळ गावातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका चष्मेवाल्या बाईंनी माझे यंत्र पेटीत बसवले आणि पाठीचे झाकण फिरवून घट्ट केले. मग तपासणीच्या टेबलावर मला कधी उताणे, कधी पालथे, कधी कुशीवर निजवून बघितले. कसा निजलो की किती पळतो आणि किती रेंगाळतो, हे एका कागदावर लिहिले गेले. माझा पट्टा मात्र दुसऱ्या देशातून खोक्यात भरून आला होता आणि त्याच्या कडीच्या आत त्या देशाचे नाव कोरलेले होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही. अंगरखा परगावचा असला म्हणून माणूस परका होत नाही.

पुढे मी एका बंदराजवळच्या दुकानात, काचेच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात राहिलो. वरच्या कप्प्यांत बडी मंडळी होती. गिऱ्हाईक आले की आधी त्यांच्याकडे बघे, मग किमतीकडे बघे आणि मग आमच्याकडे वाके. एके दिवशी एका जहाजावरचा स्वयंपाकी आला. तो मात्र थेट खाली उकिडवाच बसला.

"माझ्या ताईसाठी हवंय," तो म्हणाला. "ती शिवणकाम करते. तिनंच मला वाढवलं. वस्तू खरी पाहिजे आणि टिकली पाहिजे."

दुकानातल्या म्हाताऱ्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी एक सोनेरी घड्याळ पुढे केले आणि लगेच मागेही घेतले. "हा मुलामा आहे, झिजेल," त्या म्हणाल्या. "याच्यापेक्षा ते खालचं पोलादी बघा." त्यांनी माझ्या काचेवर पाण्याचा एक थेंब सोडला. तो पसरला नाही, मोत्यासारखा गोल राहिला. "ही सफायर काच आहे, हिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. चावी फिरवून बघा, कुठं अडकते का? आणि मुख्य म्हणजे, याचे सुटे भाग कुठल्याही बऱ्या घड्याळजीकडे मिळतील. नावाला भुलू नका, बिघडल्यावर कोण दुरुस्त करील ते विचारा."

स्वयंपाक्याने मला कानाशी धरले, प्रकाशात तिरपे केले, परत ठेवले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी जहाज सुटायच्या आधी धावत आला आणि मला घेऊन गेला. भाजीची जुडीसुद्धा निवडून घेणारा माणूस तो. त्याने मला पारखून घेतले, याचा मला फार अभिमान वाटला.

ताईंच्या मनगटावर माझे चांगले दिवस गेले. सकाळी दुकान उघडले की त्या मला चावी देत आणि मग कात्रीला हात लावत. गिऱ्हाइकाने "वा, नवीन घड्याळ!" म्हटले की "माझ्या बारक्यानं आणलंय" असे म्हणून त्या मनगट पुढे करत. बारक्या म्हणजे तो स्वयंपाकी. तो आता चांगला सहा फूट उंच आहे, पण ताईंच्या लेखी अजून बारक्याच. मी दिवसाला फार तर पाच-सात सेकंद इकडेतिकडे होत असे. शिलाईच्या दुकानात तेवढे कोण मोजतो?

मशीनवर बसताना मात्र त्या मला उतरवून ठेवत, कारण माझ्या पट्ट्यात रेशमाचा धागा अडकतो. पहिली काही वर्षे माझी जागा आरशाजवळच्या खिळ्यावर होती. मग ताईंनी टाचण्या ठेवायला एक नवी वाटी आणली. तिच्या तळाला चुंबक होते. टाचणी नुसती जवळ नेली तरी टपकन चिकटे. जमिनीवर सांडलेल्या टाचण्यांवरून वाटी फिरवली की सगळ्या गोळा. ताईंना त्या वाटीचे भारी कौतुक. काही हरवू नये म्हणून त्यांनी मलाही तिच्यातच ठेवायला सुरुवात केली.

आणि मित्रांनो, मी पळू लागलो. पाच सेकंद नाहीत, दिवसाला चांगला अर्धा तास! मला स्वतःला काही कळत नव्हते. मी आपला नेहमीसारखा चालतो आहे असेच मला वाटे. ताई मात्र वेळेवर आलेल्या एका गिऱ्हाइकाला उशीर केला म्हणून बोलून बसल्या आणि एका मुंजीला अर्धा तास आधीच जाऊन पोचल्या.

त्याच सुमारास ताईंचे मावसभाऊ घरी आले. कोणतीही वस्तू हातात घेऊन निकाल देण्याची त्यांना सवय होती. घरात त्यांना सगळे परीक्षक म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांनी मला तळहातावर झेलून बघितले. "वजन कुठंय याला?" मग पट्ट्याची कडी उघडली आणि आतले नाव वाचले. "हे बघ! पट्टा भलत्याच देशाचा. त्यात दिवसाला अर्धा तास पळतं. स्विस घड्याळ असं करील का? शुद्ध नकली आहे. बारक्याला कुणीतरी टोपी घातली."

ताईंनी त्याच दिवशी बारक्याला फोन लावला. "बारक्या, ते घड्याळ नकली निघालं रे. फसवलं तुला. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस."

पलीकडून इंजिनाच्या घरघरीतून तो म्हणाला, "मी तीनदा जाऊन बघून घेतलं होतं, ताई." एवढेच.

मनाला लावून घेऊ नकोस असे सांगितले की माणूस हमखास लावून घेतो. बारक्याचे फोन कमी झाले. सुट्टी आली, पण तो आला नाही. जहाजावर माणसे कमी आहेत, असे त्याने कळवले. पुढची सुट्टीही तशीच गेली. ताईंनी त्याच्यासाठी शिवलेला सदरा घडी घालून कपाटात ठेवून दिला. आणि मी गेलो बटणांच्या खणात.

तिथे दीड वर्ष काढले. चावी नाही, उजेड नाही. परीक्षकांचे बोलणे आठवून मलाही शंका येऊ लागली. माझ्या पोटात काय आहे, ते मला थोडेच दिसते? कोण जाणे, खोटा असेनही. असे विचार अंधारात फार येतात.

एके दुपारी एक गृहस्थ कोटाचे तुटलेले बटण जुळवायला आले. ताईंनी सगळा खणच टेबलावर उपडा केला. बटणांबरोबर मीही घरंगळलो. गृहस्थांनी बटण सोडून मलाच उचलले. ते कोपऱ्यावरचे घड्याळजी होते.

"हे इथं कसं?"

"नकली आहे ते," ताई म्हणाल्या. "राहू द्या."

"कोण म्हणतं? उघडून बघितलं कुणी?"

"नका उघडू." ताईंचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या भावानं आणलंय. अजून मनात कुठंतरी वाटतं, खरं असेल. तुम्ही उघडलंत आणि खोटं निघालं, तर तेवढंही जाईल."

घड्याळजींनी मला हलकेच खाली ठेवले. त्यांची नजर टेबलावर फिरत होती. टाचण्यांच्या वाटीवर येऊन ती थांबली. वाटीला कात्री लटकली होती. "काम करताना हे काढून कुठं ठेवायचात?" त्यांनी विचारले.

"ह्याच वाटीत की. हरवू नये म्हणून."

घड्याळजी इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "अहो बाई, याच्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग असते. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळतं. लाखाचं असतं तरी उधळलं असतं! चला माझ्याबरोबर. आता उघडायचंच."

त्यांच्या दुकानात त्यांनी मला होकायंत्राजवळ धरले. सुई गर्रकन फिरली. चुंबकत्व घालवणाऱ्या एका लहानशा डबीचे बटण दाबून त्यांनी मला तिच्यावरून सावकाश वर उचलले. सुई शांत झाली. मग झाकण उघडले. ताईंनी डोळे मिटून घेतले आणि, लपवत नाही, मीही श्वास रोखून धरला.

"बघा," ते म्हणाले. "यंत्रावर कारखान्याची खूण आहे, चाकांच्या टोकांखालचे खडे जागेवर आहेत, काम नीटनेटकं आहे. भारी घड्याळ नाही हे. यंत्र साधं आहे, नक्षीबिक्षी काही नाही, विकायला गेलात तर फार मिळणार नाही. पण खरं आहे. शंभर टक्के स्विस."

"आणि तो पट्टा?"

"पट्टा कुठूनही येवो. यंत्र तिथलं, पेटीत बसवलं तिथं, शेवटची तपासणी तिथं आणि खर्चाचा मोठा वाटा तिथला, म्हणजे तबकडीवर ते नाव लिहिता येतं. ज्यानं घेतलं त्यानं पारखून घेतलंय. या किमतीत याहून चांगलं मीही निवडलं नसतं."

ताई तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तिथूनच फोन लावला.

"बारक्या, घड्याळ खरं आहे. मीच ते चुंबकावर ठेवत होते. चूक माझी होती रे. तुझी नव्हती."

पलीकडे भांड्यांचा खणखणाट एकदम थांबला. मग बारक्या म्हणाला, "तुझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी घेतलं आणि तेच खोटं निघालं, असं वाटायचं गं. तोंड दाखवायची लाज वाटायची."

"मूर्खा," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. घड्याळजींनी दुसरीकडे तोंड फिरवून उगाचच एक बंद घड्याळ हलवून बघितले. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. त्या दिवसापासून मी पुन्हा सरळ चालतो.

मित्रांनो, आम्हा घड्याळांचे मागणे थोडे असते. आम्हाला चुंबकापासून, स्पीकरपासून दूर ठेवा. काही वर्षांनी एकदा जाणत्या हातांकडून तेलपाणी करून घ्या. आणि कुणी प्रेमाने आणलेल्या वस्तूची शंका आली, तर आधी झाकण उघडून बघा, मग बोला. ताई आधी बोलल्या, झाकण नंतर उघडले, आणि मधल्या दोन सुट्ट्या वाया गेल्या.

बारक्या आज येतो आहे. ताईंनी दुकान बंद ठेवले आहे. सकाळपासून त्या दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघतात, मला कानाशी धरतात आणि म्हणतात, "मागं तर पडत नाही ना हे?"

नाही हो ताई. मी अगदी बरोबर आहे.