आवा पेटल्यावर

"पायातनं रक्त येतंय तुझ्या, आणि म्हणतोस पुढच्या गावात बसू." मुक्यानं भर रस्त्यात फतकल मारली. "मी नाही उठत. देव काही डोंगर सोडून पळून चालला नाही."

"तू बस. मी निघालो," लांब्या म्हणाला.

"जा. वर जाऊन सांग देवाला, आणखी एकजण खाली धुळीत पडलाय म्हणून. तेवढीच माझी हजेरी लागेल."

मुका हे नाव गावानं चेष्टेनं ठेवलेलं. ह्या माणसाच्या तोंडाचा पट्टा झोपेतही बंद नसायचा. तिघंही कुंभार, एकाच खाणीतली माती पाठीवर वाहून मोठे झालेले. लांब्या ताडमाड उंच, आणि तिसरा ठेंगू त्याच्या जेमतेम खांद्याला लागायचा. पुढं ठेंगूची धाकटी बहीण लांब्याला दिली आणि दोस्तीची सोयरीक झाली.

ठेंगूनं दोघांना पाणी पाजून भांडण मिटवलं. नेहमी त्यालाच मिटवावं लागायचं. लांब्याच्या टाचेला त्यानं फडकं बांधलं आणि गाठ मारता मारता म्हणाला, "हळू चाल. पोचण्याशी मतलब."

हे चालणं होतं ठेंगूच्या बहिणीसाठी. सुगीपासून ती अंथरुणाला खिळली होती. छातीत पाणी झालं होतं, औषधानं दोन दिवस बरं वाटायचं आणि परत खोकला उसळायचा. लांब्या नवस बोलला, डोंगरावरच्या देवाला पायी येतो, पण हिला उठून चाकाशी बसू दे. निघताना तो दारातच घुटमळला, तेव्हा आतून तीच म्हणाली, "जावा की तुम्ही. मी कुठं जातेय?" लांब्याच्या घरातला एकुलता एक फोन त्याच्या पोरीजवळ राहिला. ठेंगूनं आपला फोन खिशात घातला.

दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. रस्त्याकडेच्या हातपंपाखाली लांब्या डोकं धरून बसला, मुका दांडा मारायला लागला. तेवढ्यात ठेंगूचा फोन वाजला. भाची होती.

"मामा, बाबा कुठंयत?"

"का गं?"

"आई सारखी त्यांना विचारतेय. त्यांच्याशी बोलायचंय म्हणते. डॉक्टर म्हणाले, लांबच्या माणसांना बोलवून घ्या." पोरीचा आवाज फाटला.

ठेंगूनं पंपाकडं बघितलं. लांब्या पाण्याखाली डोळे मिटून हसत होता, अंगावरनं मातीचे ओघळ उतरत होते. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं.

"तो जरा पुढं गेलाय गं," ठेंगू म्हणाला. "भेटला की सांगतो."

फोन खिशात घालून त्यानं मुक्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुक्याचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता सांग त्याला. फाट्यावरनं गाडी मिळाली तर दिवेलागणीला घरी पोचेल."

"आणि नवस? उद्या सकाळी पायऱ्या लागतात. इथनं मागं फिरला आणि तिचं काही झालं, तर जन्मभर म्हणेल, मी अर्ध्यात सोडलं म्हणून गेली."

"अरे, पण ती बोलवतेय."

"आवा पेटलाय, मुक्या. पेटल्या आव्यावरच्या माणसाला सांगायचं नसतं."

मुका परत पंपाच्या दांड्याकडं वळला. हा कुंभारांतला जुनाच नेम होता. भाजायची मडकी रचून आवा पेटवला की जाळावर बसलेल्या माणसाच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही. तो उठून गेला, जाळ कमीजास्त झाला, की पाच घरांची मडकी एका दमात तडकायची. ठेंगूचा बाप वारला तेव्हा ठेंगू जाळावरच होता. अंगणात माणसं जमली, पण त्याला कोणी कळू दिलं नाही. आवा निवल्यावर सांगितलं. ठेंगूला त्याचा कधी राग आला नव्हता. माणसांनी आपल्याला सांभाळून घेतलं, असंच तो धरून चालला होता.

दुपारनंतर लांब्या खुशीत होता. गार पाण्यानं पाय हलके झाले होते. वाटेत एका नाल्याच्या कडेला त्यानं मातीचा गोळा उचलला, बोटांत चुरला, जिभेला लावला.

"चिकण आहे. वाळू नावाला नाही. असली माती आपल्याकडं असती तर हिचा हात सोन्याचा झाला असता." त्यानं गोळा रुमालात बांधला. "दाखवतो तिला. काय रे मुक्या, आज खरंच वाचा गेली का तुझी?"

"घसा बसलाय," मुका म्हणाला.

ठेंगू दोघांच्या मागं चालत होता. सांगावं की न सांगावं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. पोचू दे एकदा, मग गाडीत बसवू, संध्याकाळच्या आत घरी नेऊ. ती काही इतकी कच्ची नाही. लहानपणी विंचू चावला तरी दात आवळून बसलेली पोर आहे ती.

सकाळी पायऱ्या चढताना फोन परत वाजला. ह्या वेळी भाची काही बोललीच नाही, नुसती रडत राहिली. मागनं कुणीतरी बाई म्हणाली, "गेली हो तुमची बहीण."

ठेंगू कठड्याला धरून उभा राहिला. मुक्यानं त्याच्याकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. वर लांब्या टाच उचलून, एकेक पायरी हातानं चाचपत चढत होता. "या की रे," तो म्हणाला, "आलंच की आता."

मग दोघं चढले. काय करणार होते?

लांब्यानं उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. त्याला हळू बोलायची सवय नव्हती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. "आलो बघ. बोललो तसं चालत आलो. आता तिला उठव. फार काम नको लावू, नुसती चाकाशी बसली तरी चालेल." मुका तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिला. बहीण ठेंगूची होती, आणि मेलेल्या बहिणीसाठी मागणं चाललेलं तो उभा राहून ऐकत होता.

बाहेर ओट्यावर बसल्यावर त्यानं लांब्याला सांगितलं. कसं सांगितलं, ते त्याला नंतर आठवलं नाही.

लांब्या रडला नाही. "कधी?"

"सकाळी. पायऱ्यांवर फोन आला."

"म्हणजे काल होती."

"काल पंपावर पोरीचा फोन आला होता. तिची आई तुझ्याशी बोलायचं म्हणत होती."

"बोलता येत होतं तिला?"

"येत होतं."

"मग फोन का नाही दिलास माझ्या हातात?"

ठेंगूनं तोंड उघडलं. गाडीचं उत्तर होतं, नवसाचं होतं, आव्याचं होतं. रात्रभर त्यानं तीच घोकली होती. पण चार पावलं जाऊन फोन नुसता लांब्याच्या कानाला लावायचा, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"तू निघून गेला असतास. आवा पेटला होता," तो कसाबसा म्हणाला.

"तिनंच म्हटलं असतं, पुरं करून या." लांब्याचा आवाज अगदी खाली गेला. "आव्यावर सांगत नाहीत ते मडकी वाचावी म्हणून. माझं काय वाचवलंस तू?"

मुका मध्ये पडायला गेला, पण लांब्यानं हात करून त्याला थांबवलं. लांब्या ठेंगूकडं बघत होता. बहिणीसारखेच बारीक डोळे होते ठेंगूचे.

"आणि तू?" लांब्यानं विचारलं. "तू तरी बोललास का तिच्याशी?"

ठेंगूनं नाही म्हणून मान हलवली. पोरीला फोन आईकडं द्यायला सांगावं, एवढंही त्याला सुचलं नव्हतं. तो ओट्यावरनं घसरत खाली बसला आणि लहान पोरासारखा ओरडून रडायला लागला. बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

लांब्या उतरून त्याच्या शेजारी, उन्हानं तापलेल्या फरशीवर बसला.

"पोरगी एकटी पडली असेल घरात," तो म्हणाला. "लाव फोन. आणि ह्या वेळी माझ्या हातात दे."