शेपटातली चौथी पिशवी

विषय : शेतात कोसळलेले एका इंजिनाचे लहान विमान, अमली पदार्थांच्या वाहतुकीचा संशय.
संदर्भ : जप्तीचा पंचनामा, पोलिसी श्वानाचा अभिप्राय आणि साहेबांची खात्री.

उपरोक्त विषयातील विमान ते मीच. सध्या मी पोलीस चौकीच्या मागच्या आवारात, चाकं नसलेला एक ट्रक आणि कुणाची तरी मोटरबोट यांच्यामध्ये उभा आहे. माझे पंख शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवले आहेत. खरं तर ते बोल्ट काढून सुटे होतात. पण चौकीचं फाटक अरुंद निघालं, योग्य मापाचा पान्हा मिळेना आणि करवत हाताशी होती. पंचनाम्यात मात्र ‘विमान आहे त्या स्थितीत ताब्यात घेतले’ असं लिहिलं आहे. कुठली स्थिती ते लिहिलेलं नाही.

इथे राहून माझी भाषा जरा सरकारी झाली आहे. ती सांभाळून घ्यावी.

मी जन्मलो तेव्हा चार खुर्च्यांचा, पांढराशुभ्र आणि जरा गर्विष्ठ होतो. पहिले मालक दातांचे डॉक्टर. ते रविवारी पाहुण्यांना बसवून स्वतःच्या बंगल्यावर घिरट्या घालायचे आणि खालून कुणी वर बघतंय का ते पाहायचे. मग मी विमान शिकवणाऱ्या एका शाळेत गेलो. तिथे विद्यार्थ्यांनी मला जमिनीवर इतकं आपटलं, की पुढे शेतात पडताना मला नवं असं काही वाटलं नाही.

शेवटी मला कप्तानांनी घेतलं. घरातलं होतं नव्हतं ते घालून घेतलं. माझ्या मागच्या दोन खुर्च्या काढून त्यांनी घरी नेल्या. त्यांच्या आई ओसरीत त्यावर बसून भाजी निवडतात. मागच्या मोकळ्या जागेत आम्ही कोंबड्यांची एका दिवसाची पिल्लं न्यायचो, नाही तर यंत्रांचे सुटे भाग. पिल्लांचा चिवचिवाट इंजिनाच्या आवाजातही ऐकू यायचा. कप्तान त्यांना ‘बसा रे गप’ म्हणायचे आणि ती बसत नसत.

आता वाळूचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कप्तान अंगाने भारदस्त. पुढे ते बसले आणि मागे पिल्लांच्या हलक्या पेट्या असल्या, की माझं नाक जड होतं आणि तोल जातो. म्हणून शेपटात वाळूने भरलेल्या चार कापडी पिशव्या बांधायच्या. लहान विमानांत ही साधी रीत आहे. त्या पिशव्या कप्तान स्वतः बांधायचे, दोरी करकचून ओढायचे आणि गाठीचं टोक आत खोचायचे. त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

तरी एक हात लागला. कप्तानांच्या बायकोला धावपट्टीवर सगळे वहिनी म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ आमच्याकडे माल चढवायला होता. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा भावाला वाढवलं ते वहिनींनीच. हसरा पोरगा. बोलण्यात गोड, कामात चपळ. त्या सकाळी तो म्हणाला, “दाजी, तुमचा चहा निवतोय. पिशव्या मी बांधतो.”

“नीट बांध.”

“दाजी, वाळू आहे, सोनं नाही.”

त्याने तीन पिशव्यांना हातही लावला नाही. त्या आदल्या दिवशीच्याच बांधलेल्या होत्या. चौथी सोडली, बाहेर नेली आणि तिच्या जागी तशाच कापडाची दुसरी आणून बांधली. मग पुढच्या धावपट्टीवर माल उतरवून घ्यायचा म्हणून मोटारसायकलवरून निघून गेला.

वर गेल्यावर मला चैन पडेना. वाळू एकदा बसली की हलत नाही. ही पिशवी वळणावर सरकत होती. कप्तानही म्हणाले, “आज शेपूट हलकं का लागतंय?” आणि तेवढ्यात माझं इंजिन खोकलं. पेट्रोलात पाणी गेलं होतं. कप्तानांनी मला एका नांगरलेल्या शेतात उतरवलं. उतरवलं असं ते म्हणतात, मी पडलो. त्यांचा खांदा मोडला. पिल्लं मात्र ढेकळांतून चालू लागली, जणू ठरलेलं ठिकाण हेच होतं.

मला पडताना रस्त्यावरून मेहुण्याने पाहिलं होतं. सगळ्यांत आधी तोच पोचला. “दाजी, हलू नका,” असं तो ओरडत होता, पण धावत आला तो माझ्या शेपटाकडे. चाकूने दोरी कापली, चौथी पिशवी मोटारसायकलवर टाकली आणि कुठे तरी ठेवून आला. त्यानंतर त्याने दाजींना बाहेर काढलं. कप्तान डोळे मिटून होते. मला वाटलं, शुद्ध हरपली असावी.

मग तपासाचे साहेब आले. साहेबांची विचारपद्धत सोपी होती. विमानात माल सापडला तर तस्करी. नाही सापडला तर यशस्वी तस्करी. त्यांच्या कुत्र्याने मला एक फेरी मारली आणि शेपटाशी बसकण मारली. साहेब हवालदाराला म्हणाले, “बघितलंस?”

“उन्हातून आलाय, साहेब. सावली बघून बसला असेल.”

“तू पण बस.”

त्यांनी शेपूट उघडलं. पिशव्या निघाल्या. पिशव्यांत वाळू निघाली. साहेबांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची कीव आली. दवाखान्यात जाऊन त्यांनी कप्तानांना विचारलेलं हवालदाराने नंतर माझ्या सावलीत बसून सगळ्यांना साभिनय सांगितलं.

“वाळू? वर बांधकाम काढलं होतं का?”

“तोलासाठी असते, साहेब.”

“आमचा तोल वाळूशिवाय राहतो.”

“तुम्ही जमिनीवर असता.”

वाळूचे नमुने प्रयोगशाळेत गेले. उत्तर आलं : नमुना वाळूसदृश आहे, खात्रीसाठी आणखी नमुना पाठवावा. साहेब चिडले, पण ते मूर्ख नव्हते. त्यांनी आत वाकून पाहिलं होतं. पिशव्या तीन, दोऱ्या चार, चौथी कापलेली. त्यांनी कप्तानांना विचारलं, चौथी कुठे आहे?

कप्तान म्हणाले, “पिशव्या तीनच होत्या.”

हे हवालदाराच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या सांध्यांतला वारा थांबला. इतकी वर्षं मी या माणसाला ओळखत होतो. तोलाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. म्हणजे त्यांना माहीत होतं? ‘शेपूट हलकं’ हे त्यांनी कुतूहलाने म्हटलं होतं, की काळजीने? चहा खरंच निवत होता, की मुद्दाम बाजूला झाले? मग मला जुनी उड्डाणंही आठवू लागली आणि प्रत्येकात कसला तरी वास यायला लागला. संशयाचं असंच असतं. आमच्या आवारातली मोटरबोट म्हणाली, मालकांवर जीव टाकू नये, तिच्या मालकाने तिला ओळखायलाच नकार दिला होता.

दवाखान्यातून कप्तान थेट कोठडीत गेले. वहिनी मला सोडवण्याचा अर्ज घेऊन चौकीत आल्या. सोबत भाऊ होता. साहेब त्यांना माझ्यापाशी घेऊन आले, दार उघडलं आणि म्हणाले, “या दोऱ्या बघा बाई. तुमचे यजमान तीन म्हणतात. मोजता येतं ना तुम्हाला?”

वहिनी आत वाकल्या. तीन गाठी करकचून ओढलेल्या, टोकं खोचलेली. चौथी कापलेली दोरी लोंबत होती, पण गाठ शाबूत होती. दोन फासे, त्यांच्याभोवती उलटा एक वेढा, टोकं मोकळी. लहान मुलाच्या बुटाची नाडी सुटू नये म्हणून बांधतात तशी. वहिनी बराच वेळ वाकून राहिल्या.

“ताई, चल ना,” भाऊ म्हणाला, “ऊन लागेल तुला.”

त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या पायांकडे पाहिलं. बुटांच्या नाड्यांवर तसाच उलटा वेढा होता. साहेबांना त्या एवढंच म्हणाल्या, “मला यांना भेटायचंय. इथेच, विमानापाशी.”

काही दिवसांनी जागा दाखवण्यासाठी कप्तानांना माझ्याजवळ आणलं, तेव्हा ती भेट झाली. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. हवालदार पाठ करून विडी ओढत उभा राहिला. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

“दुखतंय का?”

“नाही.”

“पिशव्या तीन होत्या असं का सांगितलंत?”

“तीनच होत्या.”

“चौथीची गाठ मी बघितली. ती गाठ मी शिकवलीय त्याला. तुम्हाला आधी माहीत होतं?”

हाच माझा प्रश्न होता. माझं सगळं पत्र्याचं अंग कान झालं.

“माहीत असतं तर तशी बांधू दिली असती?” कप्तान म्हणाले. “मी आत अडकलो होतो. तो आला आणि माझ्याआधी शेपटाकडे गेला. तेव्हा कळलं.”

“आणि गप्प बसलात.”

“तुझ्या अंगाखांद्यावर वाढलाय तो. तो आत गेला तर तू उभी राहशील का? मी काढीन एखाद वर्ष.”

“साहेब दहा म्हणतायत.”

“साहेबांना गोल आकडे आवडतात.”

वहिनी हसल्या नाहीत. “मी काय सोसायचं ते तुम्ही परस्पर ठरवलंत. मला विचारायचंत तरी. आणि उद्या त्याने दुसऱ्या कुणाच्या शेपटात पिशवी बांधली तर? तेही तुम्हीच सोसणार?”

मी ज्याच्यावर संशय घेतला तो माणूस माझ्या पत्र्याला टेकून उभा होता, आणि माफी मागायला मला तोंड नव्हतं.

वहिनी तशाच साहेबांकडे गेल्या. साहेबांनी त्यांच्यावरही संशय घेतला. त्यांची ती रीतच आहे. “नवऱ्याला सोडवायला भावाला अडकवताय?”

“परका कुणी असता तर बरं झालं असतं, साहेब. नाहीये.”

साहेबांनी धावपट्टीवरच्या सगळ्या हमालांना आवारात बोलावलं. मेहुणाही आला, हसतच. प्रत्येकाला दोरी आणि वाळूची एक पिशवी दिली आणि माझ्या शेपटात बांधायला सांगितली, सावकाश नाही, रोजच्या घाईने. एकेकाने बांधली. मेहुण्याची पाळी आली. वहिनी ट्रकपाशी उभ्या होत्या, त्यांना तो ‘बघ काय नाटक चाललंय’ अशा नजरेने हसला, आणि हातांनी त्यांचं काम केलं. दोन फासे, उलटा वेढा. बांधून झाल्यावर त्याने त्या गाठीकडे पाहिलं आणि त्याचं हसू उतरलं.

“ताई, तू सांगितलंस?”

“हो रे बाळ्या.”

“दाजींसाठी?”

वहिनींनी मान हलवली. हो की नाही, ते मला वरून कळलं नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

चौथी पिशवी मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या त्याच्या एका मित्राच्या दुकानात सापडली, अर्धी रिकामी, उरलेल्या अर्धीत अमली पदार्थाची भुकटी. कप्तान सुटले, परवाना मात्र चौकशी संपेपर्यंत काढून घेतला आहे. सध्या ते दुसऱ्याचा टेम्पो चालवतात आणि वळणावर अजून डोकं कलतं करतात म्हणे. वहिनी तुरुंगात भावाला भेटायला जातात. तो बाहेर येत नाही. त्या ठरलेली वेळ बाकावर बसतात आणि परत येतात.

राहिलो मी. हवालदार माझ्या पंखांवर गणवेश वाळत घालतो. भंगारवाला येता-जाता माझ्याकडे आणि मग साहेबांकडे पाहतो. दोन्ही नजरा मला आवडत नाहीत. कप्तान म्हणतात, पंख पुन्हा जोडता येतील. वाचणाऱ्यांनी एवढं करावं : चौकीच्या आवारात गंजणारी वस्तू दिसली, तर ती गुन्हेगारच असेल असं धरून चालू नये. माझ्याकडून तेवढी चूक झाली आहे.

विमान परत मिळण्याबाबत वहिनींनी केलेला अर्ज ‘खटल्यात पुरावा म्हणून आवश्यक’ असा शेरा मारून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवण्यात आला. वरिष्ठ कार्यालयाने पंखांच्या सद्यःस्थितीचा खुलासा मागवला आहे. खुलासा अद्याप पाठवण्यात आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.